‘तरुण, निळसर-पांढरा तारा’ : चित्रेच्या वर्णनातील तीन शब्दांचा अभ्यास

चित्रा या ताऱ्याचे वर्णन एका ओळीत करायचे झाले, तर ‘तरुण, निळसर-पांढरा तारा’ असे करता येईल. दोन विशेषणे आणि एक नाम. हीच ओळ एखाद्या कवितेत आली असती, तर आपण साहित्याच्या वर्गात ‘निळसर’मध्ये गारवा शोधला असता, ‘तरुण’मध्ये पुढच्या दीर्घ आयुष्याची आशा वाचली असती आणि ‘तारा’ या एकवचनातून एकाकीपणाचा सूर काढला असता. खगोलशास्त्राच्या पुस्तकात या तीनही वाचनांना आधार मिळत नाही. तेथे निळसर म्हणजे अतिशय तप्त, तरुण म्हणजे अल्पायुषी आणि हा एक तारा म्हणजे प्रत्यक्षात एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत.

शास्त्रीय मराठीतले विशेषण हे मोजमापातून काढलेला निष्कर्ष असते. ते मोजमाप वाचकापुढे मांडले, तरच विशेषणाचा अर्थ त्याच्या हाती लागतो. प्रस्तुत लेखात या तीन शब्दांमागची मोजमापे पाहायची आहेत. विषय भौतिकशास्त्राचा असला, तरी भाषेच्या शिक्षकाने त्यात शिरावे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांचे विज्ञान बहुधा इंग्रजीत, हिंदीत किंवा कन्नडमध्ये होते. मराठीच्या वाट्याला सण, गाणी आणि कविता उरतात. ज्या भाषेत मुलाने कधी एखादी गोष्ट मोजलेली नाही, ती भाषा त्याला हळूहळू केवळ भावनेची वाटू लागते.

१. नाव आणि जागा

चित्रा हे सत्तावीस नक्षत्रांतले चौदावे नक्षत्र. कन्या राशीतला हा सर्वांत तेजस्वी तारा आहे. पाश्चात्त्य परंपरेत त्याला स्पायका म्हणतात. या लॅटिन शब्दाचा अर्थ कणीस. कन्येच्या हातातले गव्हाचे कणीस. संस्कृतातील ‘चित्र’ या शब्दाला ठळक, तेजस्वी, विविधरंगी, आश्चर्यकारक अशा अनेक अर्थच्छटा आहेत.

ही चित्रा ओळखायला सोपी आहे. एप्रिल ते जून या महिन्यांत रात्री सप्तर्षी शोधावेत. त्यांच्या शेपटीच्या तीन ताऱ्यांची कमान तशीच वळत पुढे नेली, की प्रथम नारिंगी रंगाची ठळक स्वाती लागते आणि तीच कमान आणखी पुढे नेली की चित्रा. ही दोन शेजारची नक्षत्रे या लेखात वारंवार भेटतील. कारण रंग, वय, अंतर आणि गती या बाबतींत ती जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत.

आपल्या लोकव्यवहारात चित्रेचे नाव दोनदा येते. चैत्र महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रेच्या आसपास असतो, म्हणून त्या महिन्याला चैत्र म्हणतात. त्या वेळी सूर्य आकाशाच्या विरुद्ध बाजूला असल्याने चित्रा रात्रभर दिसते. दुसरा उल्लेख शेतकऱ्याच्या तोंडी येतो, ‘चित्रा लागली’ असा. हे साधारण १० ऑक्टोबरच्या सुमारास घडते आणि त्याचा अर्थ सूर्य चित्रा नक्षत्रात आला असा असतो. अर्थात त्या दिवसांत चित्रेचा तारा सूर्याच्या झगमगाटात लपलेला असतो. नाव एकच, पण एकदा ते चंद्राच्या जागेवरून आलेले आणि एकदा सूर्याच्या. पावसाच्या नक्षत्रात चित्रेचा तारा शोधणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक आधी सांगावा लागतो.

२. निळसर-पांढरा : रंग आणि तापमान

प्रथम भाषेकडे पाहू. रंगाची छटा सांगण्याची मराठीची सोय फार चांगली आहे. निळा, निळसर, काळा, काळसर, काळपट, पिवळा, पिवळसर, पिवळट, तांबडा, तांबूस, पांढरा, पांढुरका. ‘सर’ हा प्रत्यय ‘थोडासा, झाक असलेला’ असे प्रमाण सांगतो. शिवाय रंगांच्या जोडशब्दात शेवटचा शब्द मुख्य असतो. ‘निळसर-पांढरा’ म्हणजे मुळात पांढरा, त्याला निळी झाक. ‘पांढरट निळा’ म्हणजे वेगळाच रंग. चित्रेकडे डोळ्यांनी पाहणाऱ्याला पहिलेच वर्णन पटेल.

आता मोजमापाकडे. चित्रकलेच्या वर्गात निळ्याला थंड रंग आणि तांबड्याला उष्ण रंग म्हणतात. नळावरही गरम पाण्याची खूण तांबडी आणि गार पाण्याची निळी असते. त्यामुळे चित्रा आणि स्वाती यांपैकी अधिक तप्त कोण, असे विचारले, तर वर्गातून बहुधा स्वाती हे उत्तर येते. लोहाराच्या भट्टीची आठवण करून दिली की विचार उलटा फिरतो. लोखंड तापू लागले की प्रथम मंद तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे आणि अखेरीस पांढरे. तापमान वाढते तसा प्रकाशाचा भर तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. लोखंड त्यापुढे वितळते. तारा मात्र निळसर-पांढऱ्यापर्यंत जाऊ शकतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. गॅसच्या शेगडीची निळी ज्योत आणि कंदिलाची पिवळी ज्योत हे उदाहरण पुष्कळ जण देतात. ते योग्य नाही. शेगडीच्या ज्योतीचा निळा रंग ज्वलनात तयार होणाऱ्या विशिष्ट रेणूंच्या प्रकाशामुळे येतो. त्यावरून ताऱ्याच्या तापमानाचा नियम शिकवता येत नाही.

हा नियम विल्हेल्म वीन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मांडला. तापलेल्या पदार्थाचा प्रकाश ज्या तरंगलांबीला सर्वाधिक असतो, ती तरंगलांबी तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. तापमान दुप्पट झाले की ती निम्मी होते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,७७० केल्विन आहे. त्याच्या प्रकाशाचा कळस सुमारे ५०० नॅनोमीटरवर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या मध्यावर येतो. स्वातीचे तापमान सुमारे ४,३०० केल्विन. तिचा कळस तांबड्या प्रकाशाजवळ सरकतो. चित्रेतील मुख्य ताऱ्याचे तापमान सुमारे २५,३०० केल्विन आहे. हिशेब केला तर त्याच्या प्रकाशाचा कळस ११५ नॅनोमीटरच्या आसपास पडतो. माणसाचा डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्येच पाहू शकतो. म्हणजे चित्रेच्या प्रकाशाचा मोठा भाग अतिनील असतो आणि आपल्याला दिसतच नाही. आपण चित्रा म्हणून जे पाहतो, ती तिच्या तेजाची केवळ उतरती कड आहे. त्या कडेत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त असला, तरी सर्वच रंग उपस्थित असतात, म्हणून एकूण रंग पांढरा आणि त्याला निळी झाक. तापमान आणखी कितीही वाढले, तरी दृश्य भागातले हे प्रमाण फारसे बदलत नाही. जांभळे तारे आकाशात दिसत नाहीत, त्याचे एक कारण हे.

ही ‘झाक’देखील अंकांत सांगता येते. ताऱ्याचे तेज एकदा निळ्या गाळणीतून आणि एकदा पिवळट-हिरव्या गाळणीतून मोजतात आणि दोन्ही प्रतींमधला फरक काढतात. याला रंग-निर्देशांक म्हणतात. तो जितका कमी, तितका तारा निळा. चित्रेचा रंग-निर्देशांक उणे ०.२३ आहे. सूर्याचा सुमारे ०.६५, स्वातीचा १.२३, तर जिच्या नावातच लाली आहे त्या रोहिणीचा १.५४. ‘निळसर’मधला ‘सर’ मोजला, की तो असा अंकात उतरतो.

तापमान ओळखण्याचा दुसरा मार्ग वर्णपटाचा. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवला, की त्याच्या रंगपट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. चित्रेच्या वर्णपटात हेलियमच्या रेषा ठळक आहेत. स्वातीच्या वर्णपटात लोखंडासारख्या धातूंच्या रेषांची गर्दी आहे. याचा अर्थ चित्रेत लोखंड नाही किंवा स्वातीत हेलियम नाही, असा नव्हे. कोणत्या तापमानाला कोणत्या अणूच्या रेषा उमटतात, हे मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे गणिताने सांगता येऊ लागले. त्यामुळे ताऱ्यांचे वर्णपटीय वर्ग ही तापमानाची उतरंड ठरली. चित्रा त्यात ‘बी’ वर्गात बसते. सूर्य ‘जी’ वर्गात, स्वाती ‘के’ वर्गात. साहांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, आणि तेही चित्रेच्याच संदर्भात.

३. तारा : एकवचन की द्विवचन?

मराठीत द्विवचन नाही. संस्कृतात ते आहे. चित्रेसाठी ते उपयोगी पडले असते.

जर्मनीतील पोट्सडाम वेधशाळेत हेर्मान कार्ल फोगेल यांनी १८९० मध्ये चित्रेचा वर्णपट अभ्यासताना तिच्या रेषा स्थिर नाहीत, असे पाहिले. त्या ठरावीक काळाने निळ्या टोकाकडे आणि मग तांबड्या टोकाकडे सरकत. रेल्वेचे इंजिन जवळ येताना शिटी चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. प्रकाशाचेही तसेच: तारा आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. चित्रेचा तारा आळीपाळीने जवळ येतो आणि दूर जातो, याचा अर्थ तो कशाभोवती तरी फिरतो. दुर्बिणीतून दोन ठिपके दिसत नव्हते, पण रेषांनी दुसऱ्या ताऱ्याची साक्ष दिली. अशा जोडीला वर्णपटीय द्वैती तारा म्हणतात.

ही प्रदक्षिणा ४.०१४५ दिवसांत पूर्ण होते. दोन ताऱ्यांमधले सरासरी अंतर सुमारे १ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. बुध सूर्यापासून ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे बुधाच्या अंतराच्या एकतृतीयांश जागेत हे दोन प्रचंड तारे फिरत आहेत. मोठ्याचा व्यास सुमारे १ कोटी किलोमीटर. दोघांच्या पृष्ठभागांमध्ये उरणारी फट या एका व्यासापेक्षा थोडीच जास्त आहे.

इतक्या जवळिकीचे परिणाम होणारच. समुद्राला भरती यावी तसे हे तारे एकमेकांच्या ओढीने ताणले गेले आहेत आणि त्यांचा आकार चेंडूसारखा न राहता किंचित अंड्यासारखा झाला आहे. ते फिरत असताना कधी त्यांची रुंद बाजू आपल्याकडे येते, कधी निमुळती. त्यामुळे चित्रेचे तेज चार दिवसांच्या फेऱ्यात अगदी थोडे कमी-जास्त होते. मोठा तारा स्वतःभोवतीही सेकंदाला १५० किलोमीटरहून अधिक वेगाने गरगरतो. सूर्याच्या विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर आहे. एका ताऱ्याचा प्रकाश दुसऱ्यावर पडून परावर्तित होतो, हेही चित्रेच्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून २०१९ मध्ये दाखवून देण्यात आले.

या जोडीचे माप घेण्यातला महत्त्वाचा टप्पा ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथे पार पडला. तेथे १८८ मीटर व्यासाच्या गोल रुळांवर दोन मोठे आरसे फिरवून ताऱ्यांचे व्यास मोजण्याची सोय होती. रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपकरणाने चित्रेचा केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. कक्षेचा आकार कोनात मोजला आणि वर्णपटावरून तोच आकार किलोमीटरमध्ये काढला, की दोन्ही मापांच्या मेळातून अंतर मिळते. हॅनबरी ब्राऊन यांचा जन्म १९१६ मध्ये आपल्याकडच्या निलगिरीतला.

४. अंतर, आकार आणि तेज

चित्रेचे अंतर आज सुमारे २५० प्रकाशवर्षे मानले जाते. आज रात्री आपल्या डोळ्यात शिरणारा तिचा प्रकाश निघाला, तेव्हा माळव्याचा कारभार अहिल्याबाई होळकर पाहत होत्या आणि पुण्यात पेशवाई होती. स्वाती सुमारे ३७ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे चित्रेच्या मानाने शेजारीच.

डोळ्यांना दिसणारे तेज ‘प्रत’ या मापाने सांगतात. प्रतीचा अंक जितका लहान, तितका तारा ठळक. चित्रेची दृश्यप्रत ०.९७ आहे, म्हणजे ती पहिल्या प्रतीचा तारा ठरते. पण दिसणारे तेज आणि असणारे तेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाताशी असलेली पणती दूरच्या दीपमाळेपेक्षा उजळ दिसू शकते. खरे तेज, म्हणजे तेजस्विता, काढायला तापमान आणि आकार पुरतात. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेण्यासारखा आहे.

मुख्य ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे साडेसातपट (७.४७) आहे. पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो सूर्याच्या सुमारे ५६ पट. त्याचे तापमान सूर्याच्या सुमारे ४.३८ पट. प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून ४.३८ चारदा गुणले की ३६८ येतात. आता ५६ आणि ३६८ यांचा गुणाकार करा. उत्तर साडेवीस हजारांच्या आसपास येईल. हा एक तारा साडेवीस हजार सूर्यांइतकी ऊर्जा बाहेर टाकतो. सोबती लहान आहे: त्रिज्या सूर्याच्या ३.७ पट, तापमान सुमारे २०,९०० केल्विन. तोही सूर्याच्या दोन हजारपटींहून तेजस्वी आहे. केवळ मोठ्याच्या प्रकाशात तो वेगळा ओळखू येत नाही.

वस्तुमानाचे आकडे कक्षेवरून मिळतात. मुख्य तारा सूर्याच्या सुमारे ११.४ पट, सोबती सुमारे ७.२ पट. दोन्ही आकड्यांत सुमारे दहा टक्क्यांची अनिश्चितता आहे. ‘सुमारे’ हा शब्द शास्त्रीय लेखनात पळवाट म्हणून येत नाही. त्याच्यामागे मोजलेली चूक-मर्यादा असते. तो गाळून ‘११.४ पट आहे’ असे ठासून लिहिले, तर वाक्य अधिक ठाम होईल आणि कमी खरे.

५. तरुण : वय आणि आयुष्य

आता सर्वांत फसवा शब्द. चित्रेचे वय सुमारे १ कोटी २५ लाख वर्षे आहे. माणसाच्या मानाने हा काळ अफाट वाटतो, पण तो पृथ्वीच्या शेजारी ठेवून पाहावा. सह्याद्रीचा आणि माळव्याच्या पठाराचा काळा पत्थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनला. म्हणजे लाव्हा थिजून दगड झाला, डायनोसॉर नाहीसे झाले, त्यानंतरही पाच कोटी वर्षे आकाशात चित्रा नव्हती. आपल्या घाटातला दगड चित्रेपेक्षा पाचपट जुना आहे. सूर्याचे वय सुमारे ४.६ अब्ज वर्षे, स्वातीचे त्याहूनही अधिक. ‘नक्षत्रांइतके प्राचीन’ असे आपण सहज म्हणतो. चित्रेच्या बाबतीत ते सह्याद्रीला म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पण तरुण म्हणजे पुष्कळ आयुष्य बाकी असलेला, ही आपली नेहमीची समजूत येथे लागू पडत नाही. तारा आपल्या गाभ्यातील हायड्रोजनचे हेलियम करून जगतो. हे त्याचे भांडवल. चित्रेच्या मुख्य ताऱ्याकडे सूर्याच्या अकरापट भांडवल आहे, पण खर्च वीस हजारपट. उत्पन्न नाही, फक्त पुंजी मोडून खाणे. सूर्याची पुंजी एकूण सुमारे दहा अब्ज वर्षे पुरेल. एवढ्या वजनाच्या ताऱ्याची मात्र साधारण दोन कोटी वर्षांत संपते. म्हणजे सव्वा कोटी वर्षांची ‘तरुण’ चित्रा आपल्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक भाग जगून चुकली आहे, आणि साडेचार अब्ज वर्षांचा सूर्य अजून मध्यम वयात आहे. ‘तरुण’ हे विशेषण जन्मापासूनचा काळ सांगते, उरलेला काळ सांगत नाही. सर्व तेजस्वी निळसर तारे तरुणच का असतात, याचे उत्तरही यातच आहे: वृद्धत्व येईपर्यंत ते उरतच नाहीत.

आतल्या बदलांची काही चिन्हे चित्रेत दिसतात. मुख्य तारा त्याच्या जन्माच्या वेळेपेक्षा फुगला आहे. सुमारे चार तास दहा मिनिटांच्या काळाने त्याचे होणारे सूक्ष्म स्पंदनही नोंदले गेले आहे. इंधन संपल्यावर तो आणखी फुगेल. खगोलशास्त्रात या अवस्थेला ‘राक्षसी तारा’ म्हणतात. त्या शब्दात दुष्टपणा नाही, फक्त आकार आहे. सूर्याच्या आठपटींहून जड तारे शेवटी स्फोट होऊन संपतात, असा सर्वसाधारण नियम आहे. या स्फोटाला सुपरनोव्हा म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘अतिदीप्त नवतारा’ हा शब्द आहे. शब्दात ‘नव’ असला, तरी घटना मृत्यूची आहे. जुन्या निरीक्षकांना जेथे काही दिसत नव्हते तेथे अचानक तारा दिसला, म्हणून त्यांनी त्याला नवा म्हटले. २५० प्रकाशवर्षांचे अंतर पृथ्वीवरच्या जीवनासाठी सुरक्षित मानले जाते, आणि माणसाच्या हिशेबाने ही वेळ अजून फार दूर आहे.

६. पंचांगाची खुंटी

निळसर, तप्त, अल्पायुषी अशी ही चित्रा आपल्या कालगणनेत मात्र स्थैर्याची खूण म्हणून वापरली गेली. याची सुरुवात ग्रीकांपासून दाखवता येते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस याने चित्रेचे शरदसंपात बिंदूपासूनचे अंतर सुमारे ६ अंश मोजले. त्याच्या आधी दीडशे वर्षे टिमोकारिसने ते सुमारे ८ अंश मोजले होते. या दोन अंशांच्या फरकातून संपातचलनाचा शोध लागला.

संपातबिंदू सरकतो म्हटल्यावर नक्षत्रचक्राची सुरुवात कोठून धरायची, हा प्रश्न आपल्याकडे आला. मराठी पंचांगकर्त्यांत त्यावर मोठा वाद झाला. टिळक पंचांगाने रेवतीतील एका मंद ताऱ्यावरून आरंभ धरला. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रापक्ष पुरस्कारला: चित्रा १८० अंशांवर ठेवायची आणि तिच्या बरोबर समोर चक्राचा आरंभ मानायचा. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये केंद्र सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली. तिनेही चित्रेच्या आधारावरचाच अयनांश स्वीकारला आणि २१ मार्च १९५६ साठी तो २३ अंश १५ कला धरला. राष्ट्रीय दिनदर्शिका १ चैत्र शके १८७९, म्हणजे २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली. या समितीचे अध्यक्ष होते मेघनाद साहा. ज्यांच्या समीकरणाने चित्रेचे तापमान वाचता येऊ लागले, त्यांच्याच समितीने चित्रेच्या जागेवरून पंचांगाचा आरंभ पक्का केला.

चित्रेचा भौतिक स्वभाव या कामाला सोयीचा आहे. तारेही आकाशात सरकतात. स्वाती दोन हजार वर्षांत चंद्रबिंबाच्या अडीचपट अंतर सरकते. चित्रा दूर असल्याने आणि तिची आडवी गती कमी असल्याने तेवढ्याच काळात ती चंद्रबिंबाच्या पंधराव्या भागाइतकीही सरकत नाही. शिवाय ती क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या मार्गाला, अवघ्या दोन अंशांनी चिकटून आहे आणि ठळकही आहे. खुंटी म्हणून असा तारा चांगला.

७. वर्गासाठी

हा विषय मराठीच्या तासाला घ्यायचा तो भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी नव्हे, वाक्य शिकवण्यासाठी. एक वाक्य पाहा : ‘स्पायका हा एक निळा-पांढरा तारा आहे जो कन्या तारकासमूहामध्ये स्थित आहे आणि जो अत्यंत उच्च तापमान धारण करतो.’ व्याकरणाची चूक नाही, पण हे मराठी बोलणाऱ्याचे वाक्य नाही. आता हेच असे लिहा : ‘कन्या राशीतली चित्रा निळसर-पांढरी दिसते, कारण तिचा पृष्ठभाग सूर्याच्या चौपटीहून अधिक तप्त आहे.’ दुसऱ्या वाक्यात ‘कारण’ आले, तुलना आली, आणि विशेषणाला त्याचा पुरावा मिळाला. ‘उच्च तापमान’ या पोकळ जोडशब्दाची गरज उरली नाही.

नाशिकच्या २०२१ मधील ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी जयंत नारळीकर यांची निवड झाली होती. खगोलशास्त्रज्ञ हा मराठीचा लेखक असू शकतो, हे त्या निवडीने सर्वांसमोर मान्य झाले. शाळा-महाविद्यालयांत ते मान्य व्हायला पुढील स्वाध्याय उपयोगी पडावेत.

१. सप्तर्षी, स्वाती, चित्रा अशी कमान आकाशात शोधा. दोन्ही ताऱ्यांचे रंग ‘सर’, ‘पट’, ‘ऊस’ या प्रत्ययांचे शब्द वापरून लिहा.

२. ‘प्रत’, ‘तेज’ आणि ‘तेजस्विता’ या तीन शब्दांतला फरक प्रत्येकी एका वाक्यात सांगा.

३. ‘परिवलन’ आणि ‘परिभ्रमण’ हे शब्द चित्रेच्या दोन ताऱ्यांना लावून दोन वाक्ये लिहा.

४. आपल्या आवडीच्या कवितेतून ताऱ्यांविषयीची तीन विशेषणे काढा. त्यांतली कोणती मोजता येतील आणि कोणती मोजू नयेत, ते कारणासह लिहा.

चौथ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. कवितेतल्या काही विशेषणांना मोजपट्टी लावली तर ती मरतात, आणि विज्ञानातल्या विशेषणांना ती लावली नाही तर ती पोकळ राहतात. विद्यार्थ्याला हा फरक मराठीतच कळला, तर दोन्ही प्रकारचे लेखन त्याला मराठीत करता येईल.